पशुवैद्यकावरील तक्रार व तिचे उत्तर

मे महिन्यात एखादा वळवाचा पाऊस पडून गेला, म्हणजे शिरड शहापूरच्या शिवारात रब्बी ज्वारीच्या धसकटांना हिरवे फुटवे येतात. उन्हाळाभर कडब्यावर राहिलेली जनावरे त्या हिरवळीकडे धाव घेतात. हे फुटवे वरून दिसावयास कोवळे व लुसलुशीत असले, तरी त्यांच्यात विष असते, हे आपल्या भागातील जुन्या जाणत्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. जनावरास 'किराळ लागली' असे आपण म्हणतो ते यालाच. वाढ खुंटलेल्या अथवा कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने ती चघळली म्हणजे त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकते, झोकांड्या खाते, त्याच्या डोळ्यांची व हिरड्यांची आतील त्वचा लालभडक दिसते, आणि कित्येकदा तासाभराच्या आत ते दगावते.

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. पेरणी पंधरा दिवसांवर आली आहे. एका शेतकऱ्याच्या जोडीतील बैल दावे तोडून अशा फुटव्यांत शिरला व सायंकाळी झोकांड्या खात गोठ्याशी आला. घरच्यांनी डॉक्टरसाहेबांना दूरध्वनी केला. ते दुसऱ्या गावी अडलेल्या म्हशीजवळ होते. तेथील काम आटोपून ते आले, त्यांनी बैल पाहिला, शिरेतून औषध दिले. आणि सुई काढून दहा मिनिटे होतात न होतात तोच बैलाने मान टाकली. गोठ्यापाशी जमलेल्या दहा माणसांनी काय पाहिले? बैल उभा होता, डॉक्टरांनी सुई टोचली, बैल मेला. दुसऱ्या दिवशी तक्रार अर्ज लिहिला गेला : 'चुकीचे इंजेक्शन दिल्याने माझा बैल मरण पावला. संबंधितावर कारवाई व्हावी.' आठवडाभरात पशुवैद्यकाच्या हाती खुलासा मागणारी नोटीस पडली.

या प्रसंगात खोटे बोलणारा कोणीच नाही. शेतकऱ्याने पाहिले तेच सांगितले. पशुवैद्यकाने केले ते बहुधा योग्यच केले. तरीही दोघांमध्ये एक वैर उभे राहिले, आणि ते वैर नीट मिटले नाही तर त्याची किंमत साऱ्या गावाला द्यावी लागते. म्हणून अशा तक्रारीला उत्तर कसे द्यावे, तक्रार करणाऱ्यानेही ती कशी करावी, याविषयी काही विचार या पानांतून मांडणे उचित वाटते.

तक्रार हा अपमान नव्हे

प्रस्तुत लेखक पशुवैद्यक नाही. तो कृषी खात्यातील अधिकारी आहे. परंतु तक्रार म्हणजे काय, हे आम्हां कृषी अधिकाऱ्यांस चांगले अवगत आहे. २०२० सालच्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पूर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या वेळी तालुका समित्यांनी शेतोशेती जाऊन पंचनामे केले. बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के होती की नाही, पेरणी तीन-चार सेंटिमीटरांहून खोल गेली होती काय, जमिनीत पुरेशी ओल होती काय, पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवली आहे काय, हे प्रश्न विचारावे लागले. काही ठिकाणी बियाणे सदोष निघाले, काही ठिकाणी पेरणी. जेथे पंचनामा लवकर झाला व खूणचिठ्ठी हाती होती, तेथे सत्य काय ते कळले. जेथे विलंब झाला व कागद नव्हता, तेथे केवळ वाद उरला.

या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, तक्रार ही एक विचारणा असते. तिच्यात राग असतो, दुःख असते, कधी कधी गावातील राजकारणही असते. पण तिच्या मुळाशी 'माझे जनावर का मेले?' हा एक साधा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी गोठ्यात मिळावयास हवे होते त्या दिवशी ते मिळाले नाही, म्हणून तो अर्जाच्या रूपाने कचेरीत आला. ज्या पशुवैद्यकाने हे ओळखले, त्याचे उत्तर निम्मे लिहून झाले असे समजावे.

किंबहुना मी याही पुढे जाईन. ज्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, असा मनुष्य मिळणे हेच शेतकऱ्याचे भाग्य होय. गावोगाव पिशवी घेऊन हिंडणारा व कोणतीही पदवी नसताना जनावरांना सुया टोचणारा भोंदू वैदू कोणाला उत्तर देतो? त्याच्या हातून बैल मेला, तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी असतो. नोंदणीकृत पशुवैद्यकाचे नाव नोंदवहीत असते, त्याला क्रमांक असतो, आणि त्याच्या वर्तनाबद्दल त्याला जाब विचारणारी संस्था असते. हे उत्तरदायित्व हाच त्याच्या व्यवसायाचा मान आहे. तो ओझे म्हणून बाळगू नये.

कोणाकडे कोणता प्रश्न

आपल्या राज्यात या व्यवसायाला कायद्याची चौकट फार पूर्वीच मिळाली. १९७१ साली महाराष्ट्र पशुवैद्यक व्यवसायी अधिनियम झाला. पुढे संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ संमत केला, व महाराष्ट्रात तो १९९७ साली लागू झाला. त्यानुसार नागपूर येथे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद काम करते. व्यावसायिक वर्तनाचे, शिष्टाचाराचे व नीतीचे नियम १९९२ साली करण्यात आले. इंग्लंडमध्ये राजसनद मिळालेले पशुवैद्यकांचे महाविद्यालय १८४४ पासून आहे, व १९६६ च्या कायद्याने त्याच्या शिस्त समितीस नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार दिला आहे. पद्धत सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच आहे : व्यवसाय करण्याचा अनन्य अधिकार द्यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यात वर्तनाची जबाबदारी घ्यावयाची.

येथे शेतकऱ्याचा व पुष्कळदा पशुवैद्यकाचाही एक घोटाळा होतो. निरनिराळे प्रश्न निरनिराळ्या ठिकाणी सुटतात, हे ध्यानात घेतले जात नाही. पशुवैद्यक वेळेवर आला नाही, दवाखाना बंद होता, कामात हयगय झाली, असे म्हणणे असेल तर ती बाब खात्याची. शासकीय सेवकांस महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ व जिल्हा परिषदेच्या सेवकांस १९६४ चे जिल्हा सेवा नियम लागू होतात. त्यांत दोषारोप लेखी कळविणे व बचावाची संधी देणे आवश्यक आहे. खोटा दाखला दिला, व्यवसायाला न शोभणारे वर्तन केले, असे म्हणणे असेल तर ती बाब राज्य परिषदेची. परिषद चौकशी करून व म्हणणे ऐकून घेऊन नोंदवहीतून नाव काढू शकते, परंतु मेलेल्या बैलाची किंमत ती देत नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेबद्दल भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे. एकच अर्ज चार ठिकाणी पाठवून कोठेच नीट न मांडण्यापेक्षा, आपल्याला काय हवे ते आधी ठरवून योग्य दार ठोठावणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

दुसरी एक बाब. खेड्यातील कित्येक दवाखान्यांतून पशुधन पर्यवेक्षक काम पाहतात. १९८४ च्या अधिनियमाच्या कलम ३० अन्वये, राज्य शासनाने परवानगी दिलेल्या पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. म्हणून उपचार कोणी केला, व तो त्याच्या अधिकारात होता काय, हे अर्जात व उत्तरात दोन्हीकडे स्पष्ट असावे. देखरेख करणाऱ्याची जबाबदारी केवळ कागदोपत्री नसते.

उत्तर लिहिण्यापूर्वी

नोटीस हाती पडली की मनुष्याला दोन मोह होतात. एक, तत्काळ रागाने उत्तर लिहून टाकावे. दुसरा, ती खणात टाकून विसरून जावे. हे दोन्ही मोह घातक आहेत. प्रथम नोटिशीवर ती मिळाल्याचा दिनांक घालावा. ती कोणी पाठविली, कोणत्या नियमान्वये पाठविली, व उत्तराची मुदत काय आहे, हे पाहावे. तक्रारीची प्रत सोबत नसेल तर ती लेखी मागावी. मुदत अपुरी असेल तर ती संपण्यापूर्वीच वाढवून मागावी. एखाद्या ज्येष्ठ व्यवसायबंधूचा, आणि आरोप गंभीर असेल तर वकिलाचा, सल्ला घ्यावा. सल्ला घेणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे.

त्यानंतर कागद एकत्र करावेत : रुग्ण नोंदवहीतील त्या दिवसाचे पान, औषधसाठ्याची नोंद, औषधाचा गट क्रमांक व वापराची अंतिम तारीख, दूरध्वनी आल्याची वेळ, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, छायाचित्रे असल्यास ती. रिकामी बाटली हाताशी असेल तर ती टाकू नये.

आणि येथे एक गोष्ट फार आग्रहाने सांगावीशी वाटते. नोंदवहीत मागाहून एक अक्षरही घालू नये. जी नोंद राहून गेली ती राहून गेली. ती पुढे आठवली तर स्वतंत्र कागदावर, त्या दिवसाची तारीख घालून, 'ही नोंद त्या वेळी करावयाची राहिली होती. आज स्मरणाने लिहीत आहे' असे प्रांजळपणे लिहावे. अपुरी नोंद क्षम्य ठरू शकते; बदललेली नोंद कधीही ठरत नाही. उपचारात काहीही चूक नसलेला मनुष्य शाई बदलल्यामुळे दोषी ठरावा, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

उत्तर कसे असावे

उत्तर तारीखवार व वेळेवार असावे. प्रत्येक आरोपाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. जे खरे आहे ते मान्य करावे, जे खरे नाही ते कारणासह नाकारावे, आणि ज्याविषयी आपणास प्रत्यक्ष माहिती नाही तेथे तसे म्हणावे. वर कल्पिलेल्या प्रसंगातील उत्तराचा गाभा साधारणपणे असा असू शकेल :

'सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मला बोलावणे आले. त्या वेळी मी दुसऱ्या गावी अडलेल्या म्हशीवर उपचार करीत होतो. मी ७ वाजून २५ मिनिटांनी पोहोचलो. बैल ज्वारीच्या फुटव्यांत चरल्याचे मालकाने सांगितले. श्वास जलद होता, डोळ्यांची आतील त्वचा लालभडक होती, तोल जात होता. यावरून किराळ लागल्याचे निदान करून मी सोडियम नायट्राइट व त्यानंतर सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिले. मात्रा व गट क्रमांक नोंदवहीत आहेत. बैल वाचण्याची शक्यता थोडी आहे, हे औषध देण्यापूर्वी मी मालकास स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे होते. घाईत ते राहून गेले, याची मला खंत आहे. उपचार योग्य होता, असे माझे नम्र निवेदन आहे.'

या उत्तरात कोणाचीही निंदा नाही. विलंब लपविलेला नाही, त्याचे कारण दिले आहे. जी उणीव होती ती मान्य केली आहे, आणि जी नव्हती ती मान्य केलेली नाही. काही मित्र सल्ला देतील की, कोणतीही उणीव मान्य करू नये, ती आपल्याविरुद्ध वापरली जाईल. हा सल्ला अगदीच निराधार नाही, आणि आरोप फौजदारी स्वरूपाचा असेल तर वकिलाच्या सल्ल्याशिवाय एक शब्दही लिहू नये. परंतु सामान्य चौकशीत, जे दहा साक्षीदारांनी पाहिले आहे ते नाकारणारा मनुष्य आपल्या खऱ्या विधानांवरील विश्वासही घालवून बसतो.

चूक व हयगय यांतील भेदही उत्तरात नीट मांडता आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणी, मनुष्यांच्या डॉक्टरांसंबंधी निर्णय देताना, असे तत्त्व सांगितले की, निर्णयातील प्रत्येक चूक अथवा अपघात ही हयगय ठरत नाही. त्या व्यवसायातील सामान्य कुशल मनुष्याने जी काळजी घेतली असती ती घेतली की नाही, हे पाहावयाचे असते. पशुवैद्यकालाही हे माप न्याय्य आहे. परंतु हे माप दुधारी आहे. 'सर्वजण असेच करतात' हे उत्तर त्यात बसत नाही. उदाहरणार्थ, गिधाडांच्या नाशास कारण ठरलेल्या डायक्लोफेनॅक या औषधावर जनावरांकरिता २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही ती आली. असे औषध वापरल्याची नोंद निघाली, तर रूढीचा आधार उपयोगी पडणार नाही.

तीन गोष्टी मात्र उत्तरात कदापि येऊ नयेत. पहिली, तक्रारदाराच्या अज्ञानाचा उल्लेख. तो अडाणी असेल, तर त्याला समजावून सांगणे हेच आपले काम होते. दुसरी, त्याच्या हेतूविषयी तर्क. तिसरी, आपल्या पूर्वीच्या सेवेची लांबलचक प्रशस्ती. चौकशी एका बैलाची आहे, साऱ्या आयुष्याची नव्हे. त्याचप्रमाणे सरपंच, पुढारी वा नातलग यांच्यामार्फत अर्ज मागे घेण्यासाठी दडपण आणणे, किंवा भ्रमणध्वनीवरील गटांतून तक्रारदाराची बदनामी करणे, हे मूळ आरोपाहूनही मोठे गैरवर्तन होय.

योग्य वागूनही तक्रार येते तेव्हा

कधी कधी पशुवैद्यकाने योग्य तेच केलेले असते, आणि नेमके त्याचमुळे तक्रार होते. फाशी, म्हणजे काळपुळी, या रोगाचा संशय असलेल्या जनावराचे शवविच्छेदन करावयाचे नसते. नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आलेले असेल तर ते शव उघडल्याने रोगाचे जंतू हवेत बीजाणुरूप धारण करतात व त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. माणसालाही रोग होतो. अशा वेळी कानाच्या शिरेतील रक्ताचा नमुना घेऊन शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणे हाच योग्य मार्ग. परंतु मालकाच्या दृष्टीने 'डॉक्टरांनी शवविच्छेदन नाकारले, त्यामुळे माझा विमा बुडाला' अशी ती गोष्ट असते. त्याच वेळी दोन ओळींचे लेखी कारण मालकाच्या हाती दिले असते, तर तक्रारच उद्भवली नसती.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात आली, तेव्हाही असेच घडण्यास वाव होता. शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. ज्या जनावरात रोगाचा शिरकाव आधीच झालेला असे, त्याच्या अंगावर लस दिल्यानंतर चार दिवसांनी गाठी दिसत, आणि 'लसीनेच रोग झाला' अशी समजूत होणे स्वाभाविक होते. शासनाने त्या साथीत दुभत्या गायीस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये साहाय्य ठरविले होते. ते पंचनाम्यावर अवलंबून असल्याने पशुवैद्यकाच्या एका सहीचे मोल शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठे होते. अशा काळात तोंडी समजावणीबरोबर लेखी चिठ्ठी देण्याची सवय असणे, ही पशुवैद्यकाची खरी ढाल होय.

शेतकऱ्याने काय करावे

आता दुसरी बाजू. जनावर दगावल्यावर मनात संशय असेल तर शव लगेच पुरू नये अथवा ओढून टाकू नये. शवविच्छेदनाची मागणी तत्काळ व लेखी करावी. मात्र फाशीचा संशय असल्याचे पशुवैद्यकाने सांगितले तर हट्ट धरू नये. विषबाधेची शंका असेल तर पोटातील चाऱ्याचा नमुना हवाबंद बरणीत थंड ठेवून तपासणीस पाठवावा लागतो; तो फॉर्मालिनमध्ये बुडविला तर विषाचा शोध लागणे कठीण होते. जनावर ज्या शेतात चरले तेथील ज्वारीचे फुटवेही पाठवावेत. पिक्रेट कागदाच्या साध्या परीक्षेत पिवळा कागद विटकरी लाल झाला, म्हणजे फुटव्यांत विष होते असे समजते. या कामी आम्हां कृषी कर्मचाऱ्यांसही बोलवावे. पीक आमच्या अभ्यासाचे आहे, आणि पशुवैद्यक व कृषी अधिकारी एकाच बांधावर उभे राहिले तर सत्य लवकर हाती येते.

अर्ज थोडक्यात लिहावा. दिनांक, वेळ, बिल्ल्याचा क्रमांक, जनावराने काय खाल्ले, काय लक्षणे दिसली, कोणी कोणता उपचार केला, हे लिहावे. पशुवैद्यकाच्या आधी कोणा वैदूला दाखविले असेल, अगर घरगुती औषध पाजले असेल, तर तेही सांगावे. 'कडक शिक्षा व्हावी' यापेक्षा 'माझ्या बैलाच्या मृत्यूचे कारण मला कळावे' ही मागणी अधिक वजनदार आहे. गावातील दुसऱ्याने आपल्या वैरापायी लिहून दिलेल्या अर्जावर अंगठा अथवा सही करू नये.

आणि मुळात जनावर दगावूच नये यासाठी जे आपल्या हाती आहे ते करावे. ज्वारी फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, विशेषतः पाण्याच्या ताणाने ती खुरटली असता, जनावरांना चारू नये. पीक काढल्यावर धसकटे वेचून अथवा नांगरून टाकावीत. चांगला वाळलेला कडबा मात्र बहुधा निर्धोक असतो. सोयाबीनची रास उघडी ठेवू नये. जनावराने दाणे भरपेट खाल्ले तर पोटात आम्ल वाढून ते दगावते, आणि त्याही वेळी दोष सुईवरच येतो.

चौकशी करणाऱ्याचे कर्तव्य

ज्यांच्यापुढे अशा तक्रारी येतात त्या अधिकाऱ्यांसही नम्रपणे काही सुचवावेसे वाटते. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली असे सुचविले होते की, दर पाच हजार गुरांच्या घटकामागे एक पशुवैद्यक असावा. एका पशुवैद्यकाकडे अनेक गावे व मधून मधून शेजारच्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार असतो, हे आपण सारे पाहतो. एकाच सायंकाळी दोन गोठ्यांतून बोलावणे आले, तर कोठे आधी जावे हा निर्णय त्याला एकट्याने व तत्क्षणी घ्यावा लागतो. उशीर का झाला हे विचारताना, त्या दिवशी तो कोठे होता हेही विचारले पाहिजे. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा असेल, तर अहवालात तसे लिहिण्याचे धैर्य असावे. अन्यथा एका मनुष्याला ताकीद मिळते, आणि पुढच्या मेमध्ये दुसऱ्या गोठ्यात तोच प्रसंग घडतो.

चौकशी लांबणे हाही एक अन्याय होय. तक्रारीखाली असलेला मनुष्य रात्री नीट झोपत नाही. त्याचा हात कचरतो. ज्या बैलाला जोखमीचे पण आवश्यक औषध द्यावयाचे, तेथे तो 'परभणीच्या महाविद्यालयात न्या' असे सांगून मोकळा होऊ लागतो. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून या भागाची मोठी सेवा करीत आहे. परंतु किराळ लागलेला बैल तेथवर पोहोचत नाही. भीतीपोटी हात आखडणारा पशुवैद्यक हा गावाचा तोटा आहे, तसाच दाद न मिळाल्याने वैदूकडे वळलेला शेतकरी हाही गावाचाच तोटा आहे. यास्तव निकाल लवकर व्हावा, तो कारणांसह लेखी असावा, आणि त्याची प्रत दोघांनाही मिळावी. व्यवसायबंधूंनीही आपल्यातील ज्याच्यावर तक्रार आली आहे त्याला वाळीत टाकू नये, आणि आंधळेपणाने पाठीशीही घालू नये. त्याच्याजवळ बसून त्याची नोंदवही त्याच्याबरोबर वाचावी. यात दोन्ही आले.

चौकशीचा निकाल काहीही लागो, त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात राहिलेला दुसरा बैल उद्या आजारी पडणारच आहे. त्या वेळी हाक मारावयाची ती त्याच पशुवैद्यकाला, आणि जावयाचे तेही त्यालाच. म्हणून तक्रारीचे उत्तर लिहिताना पशुवैद्यकाने ते कचेरीतील साहेब वाचणार आहेत एवढेच ध्यानी न धरता, तो शेतकरी ते कोणाकडून तरी वाचवून घेणार आहे, हेही ध्यानी धरावे. आणि शेतकऱ्याने अर्ज लिहिताना, ज्या मनुष्याला पुन्हा आपल्या गोठ्यात बोलवावयाचे आहे त्याच्याविषयी आपण लिहीत आहोत, याचे भान ठेवावे. एवढे झाले तर बैल परत येणार नाही, पण त्याच्या मृत्यूचे कारण दोघांनाही कळेल, आणि पुढच्या वळवाच्या पावसानंतर त्या शिवारातील धसकटे वेळीच नांगरली जातील.